साडेअकरा

मेल आला तेव्हा लाइट नव्हती,
म्हणून तो आम्ही मोबाइलवर वाचला,
खानापुरात, बेकरीच्या माडीवर,
गरम पावाच्या वासात.
'पुनर्रचना' हा शब्द त्यात चार वेळा होता.
'भूक' एकदाच,
तोही संस्थेच्या नावात.

पहिल्यांदा जीप गेली.
बशीर नदाफनं किल्ली दिली
आणि सीटखालचा पाना तेवढा ठेवून घेतला.
मग नंदगडची खोली.
मग वजनकाट्याची दुरुस्ती.
मग जंगलातले सात गवळीवाडे.
ते कुणी पुसले नाहीत,
फक्त तिथवरचं भाडं पुसलं.

फिलोमिना मॅडम म्हणाल्या,
हात आखडायचाच आहे
तर बोटं मोजून आखडू.

मोजायला माझ्याकडे पट्टी आहे,
पोराच्या दंडाला गुंडाळायची.
तिच्यावर तीन रंग: तांबडा, पिवळा, हिरवा.
गेल्या वर्षापर्यंत पिवळ्यालाही पुडी मिळायची.
आता साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली पुडी,
वर सल्ला.
सल्ल्याला गोडाऊन लागत नाही.

वीटभट्टीवरची निंगव्वा कन्नडात विचारते,
बमू गवळीण मराठीत.
मी दोघींना सांगते, अंडं द्या, डाळ द्या,
दिवसातून पाच वेळा भरवा.
दोन्ही भाषांत तो सल्ला
सारखाच पातळ.

रेषा म्हणजे काय
हे या भागात कुणाला शिकवायला नको.
पाटी कुठल्या लिपीत, एवढ्यावरून
इथं बसच्या काचा फुटल्यात.
पण दोन काड्यांमधली ही जागा,
एक मिलिमीटर,
हिच्यासाठी मोर्चा निघालेला
मी तरी पाहिला नाही.

आम्ही हातपाय हलवले, नाही असं नाही.
बशीर आता मेहुण्याच्या गिरणीत
रात्री दहानंतर नाचणी दळतो.
संकेश्वरचा गूळ एका व्यापाऱ्यानं दिला,
ढेपा फुटलेल्या होत्या म्हणून दिला.
शेंगदाणे भाजताना
कचेरीला पहिल्यांदा घराचा वास आला.
बेळगावच्या लॅबनं लिहून दिलं:
लाडू चांगला आहे,
तांबड्या पोरांना पुरणार नाही.
म्हणजे लाडू पिवळ्यांना.
पिवळी एकशे बारा.
लाडू आठवड्याला चाळीस.
भागाकार मला शाळेत असतानाही
आवडायचा नाही.

बमू मंगळवारी आली,
जांबोटीच्या वरून, चालत,
पाठीला सावळी, वय अठरा महिने,
डोळे वयापेक्षा मोठे.
मागच्या खेपेला अकरा पूर्णांक दोन होती.
पुड्या खाऊन आता अकरा पूर्णांक सात.
मी हसले, सवयीनं. म्हटलं,
वाढली की गं!
बमू हसली नाही.
म्हणाली, म्हंजे आता बंद काय?

मी पट्टी सोडवत होते.
ती हलक्या आवाजात म्हणाली,
बाजारात म्हशीचा भाव विचारावा तशी,
जरा वाळू दे काय हिला?
मग घेशीला?

बाहेर बेकरीवाला ट्रे आपटत होता.
मी पट्टी पुन्हा गुंडाळली.
कापड लवचीक नसतं,
पण अंगठा असतो.
अंगठ्यानं जरा ओढलं
की पोराचं मांस थोडं दबतं,
आणि जगात कुठंच काही होत नाही.
अकरा पूर्णांक चार,
मी वहीत लिहिलं.
सावळी रडली. मी सैल केलं.

पुड्या मोजूनच येतात.
त्या अठ्ठावीस पुड्या
कुठल्या तरी वाडीतून येणार,
जिथं खरोखरचं अकरा पूर्णांक चार
अजून पाठीवर बसून वाट उतरतंय.
हे मला तेव्हाच माहीत होतं.

संध्याकाळी मॅडमनी वही तपासली.
त्या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं.
चष्मा काढला, पुसला, परत घातला.
म्हणाल्या, नाचणी संपत आलीय,
बशीरला फोन कर.

मी फोन केला.
पलीकडे गिरणी चालू होती.
त्याला काही ऐकू येत नव्हतं,
तो नुसता ओरडत होता,
किती? किती?